मदत हवी आहे: संगीत आणि खेळ एकाच स्मरणिकेत, पानं कशी लावू?

नमस्कार मंडळी,

आमच्या कोल्हापुरातल्या तालमीला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. ६४ पानांची स्मरणिका काढायचं ठरलं आणि "तुला कोरल येतंय की" म्हणून पानं लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. येतंय म्हणजे त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर डिजिटल फलक आणि लग्नपत्रिका करतो. पुस्तकाला कधी हात लावलेला नाही.

पहिला अर्धा भाग संगीताचा. तालमीचं भजनी मंडळ जुनं आहे, शिवाय पेठेतल्या एका निवृत्त संगीत शिक्षकांनी अल्लादियाखाँसाहेबांवर (१८५५-१९४६) मोठा लेख दिलाय. शाहू महाराजांच्या पदरी ते कसे आले, जयपूर-अत्रौली गायकी, केसरबाई, मोगूबाई या शिष्या, सगळं आहे त्यात. सोबत मालकंस रागातली एक बंदिश, नोटेशनसकट (म्हणजे स्वर मात्रांवर मांडून). दुसरा अर्धा खेळाचा. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकापासून नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या २०२४ च्या पॅरिसमधल्या कांस्यापर्यंत, आणि मधे आमच्या फुटबॉल टीमचे तक्ते.

समितीचं म्हणणं, पुस्तक एकसारखं दिसलं पाहिजे. म्हणून ए-फोर पानावर सगळीकडे दोन रकाने, १२ पॉइंट, वर ठळक मथळा असा एकच साचा केला. खेळाची पानं झकास दिसतात. घोळ झाला तो संगीताकडं.

प्रूफ घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांनी बंदिशीचं पान पुढ्यात घेतलं, एका हातानं मांडीवर तीनताल धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ओळ वाचायला लागले. बंदिश खालीपासून, म्हणजे तालाच्या सोळातल्या नवव्या मात्रेपासून, उठते. माझ्या रकान्यात एका ओळीत दहाच मात्रा मावल्या होत्या, त्यामुळं पहिली सम (तालाची पहिली मात्रा) ओळीच्या शेवटाला आणि दुसरी सम तिसऱ्या ओळीच्या मधोमध. सरांचा हात हवेतच राहिला. "समेवर यायला मी कुठं उडी मारू रे बाळ?" म्हणाले.

दुसरं म्हणजे सरांनी जुन्या फॉन्टात टाइप करून दिलेलं मी युनिकोडात बदललं, त्यात कोमल स्वरांखालच्या आडव्या रेघा गेल्या. मालकंसात ग, ध, नी तिन्ही कोमल. छापून आले सगळे शुद्ध. सर रागावले नाहीत, नुसते बघत बसले. ते जास्त लागलं.

तर दोन्ही भागांना वेगवेगळा ले-आउट ठेवू का? ठेवला तर एक पुस्तक वाटेल की दोन चोपड्या मधे पिन मारून जोडल्यासारखं? आणि बंदिश बसवायची कशी? प्रेसला द्यायला दहा दिवस आहेत. जाणकारांनी सांगा.

मातीतला गडी

भावा, खेळाच्या पानाला हात लावू नकोस, हाय तसंच ऱ्हाऊ दे. आमच्याकडं माणूस स्मरणिका हातात घेतली की पहिलं सोताचं नाव शोधतंय, मग फोटो, मग गुण. वाचायला कोण बसतंय? तक्त्यात सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल केले, गोल खाल्ले, गुण एवढंच घे. आकडे उजवीकडं एका रेषेत आण, न्हाईतर ९ आणि १२ पायऱ्यासारखं दिसतंय. कुस्तीला तर वाक्यबी नको. जोड कुणाची, डाव कुठला, निकाल काय. 'घिस्सा डावावर चितपट' म्हटलं की पेठेतल्या माणसाला सगळी कुस्ती दिसती.

संगीतातलं मला काय कळत न्हाई. ते सरांना इचार.

छापखानेवाली

मी वीस वर्षं पानं लावते, त्यात स्मरणिका पुष्कळ. आधी बंदिशीचं सांगते.

तुमचं पान २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना १५ सोडले तर उरतात १८०. त्याचे दोन रकाने केले की एकेक जेमतेम ८७, आणि १६ मात्रांना वाटून प्रत्येक मात्रेला साडेपाच मिलिमीटरसुद्धा नाही. १२ पॉइंटाचं अक्षरच चार मिलिमीटरांचं, त्यात काना-मात्रा आणि शेजारी अवग्रह (ऽ). मावणारच नाही. रकाने मोडून पूर्ण रुंदी घ्या, मात्रेला सव्वाअकरा मिलिमीटर मिळतील. रकान्यातच ठेवायचं असेल तर ओळीला आठ मात्रा. खालीपासून उठणारी बंदिश आहे ना, मग एक ओळ खालीपासून, तिच्याखालची समेपासून, आणि सगळ्या समा एकाखाली एक येतात. ओळ तोडायची तर चार-चार मात्रांच्या विभागावर तोडा, मधे कधीच नाही.

आणि स्पेसबार मारून मात्रा जुळवू नका. (मारल्या असणार, मला माहीत आहे.) रेघा नसलेला तक्ता करा, एका घरात एक मात्रा. फुली (सम), २, शून्य (खाली), ३ या खुणांची ओळ वेगळी. कोमलच्या रेघा आणि मंद्र (खालच्या) सप्तकाचे खालचे टिंब हातानं लावा. मंद्रातला कोमल नी आला की रेघ आणि टिंब दोन्ही खालीच येतात, तिथं ओळींमधली जागा वाढवा, नाहीतर टिंब खालच्या बोलांच्या डोक्यावर बसेल. शेवटी सरांकडून तपासून घ्या आणि तेवढं पान कर्व्हज करूनच, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, प्रेसला द्या. म्हणजे त्यांच्या मशीनवर फॉन्ट बदलला तरी राग बदलणार नाही.

आता वेगळ्या ले-आउटचं. संगीत एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, ही वाटणीच मला पटत नाही. भजनी मंडळातल्या चाळीस जणांची यादी ही तुमच्या फुटबॉलच्या तक्त्यासारखीच चीज आहे, ती लोक शोधणार. उलट खाशाबांवरचा लेख हा अल्लादियाखाँसाहेबांवरच्या लेखाचा भाऊ. तो माणूस बसून वाचणार. त्याचे दोन रकाने, मधे चौकट, वर ठळक आकडे असं केलंत तर एवढ्या मोठ्या गड्याचं पान धावफलकासारखं होईल. मातीतला गडी रागावतील, पण कुस्तीचंसुद्धा वाचतात लोक! तेव्हा शोधायच्या पानांना दोन रकाने आणि वाचायच्या पानांना एकच रुंद रकाना, विषय कुठलाही असो. अक्षर, समास, पानक्रमांकाची जागा आणि मथळ्याचा फॉन्ट सगळीकडे तोच. एक पुस्तक वाटायला तेवढं पुरतं.

मातीतला गडी

रागावलो न्हाई ताई. खाशाबांचं पान वाचायचंच पायजे.

रंकाळ्याकाठचा

मधल्या जोडपानाचा विचार केलाय का? ३२ आणि ३३ एकाच कागदावर येतात, त्यामुळं फोटो मधे तुटत नाही. तिथं केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग मैदान यांचा एकत्र फोटो टाका. मैदान १९१२ चं, नाट्यगृह १९१५ चं, दोन्ही शाहू महाराजांनी बांधलेली आणि एकमेकांना लागून. तुमची संगीताची पानं संपतात आणि खेळाची सुरू होतात ती तिथंच. मात्र फोटो नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीच्या आधीचा घ्या.

छापखानेवाली

चांगलं सुचवलंत. फक्त मधल्या पिनेच्या पुस्तकात आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये बाहेरच्या कडेचे एक-दोन मिलिमीटर जातात. पानक्रमांक आणि फोटोओळ कडेपासून आत ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. स्पेसबार मारल्या होत्या, ताई.

परवा रात्री बंदिश पुन्हा लावली, पूर्ण रुंदीत, सोळा घरांचा तक्ता करून. काल सरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा मांडीवर ताल धरला, बोट ओळीवरून गेलं आणि समेला हात पडला तो बरोबर फुलीवर. मान हलली. मग अंतऱ्यात एका कोमल नीखालची रेघ राहिल्याचं दाखवलं. ती लावली.

खाशाबांचा लेख एका रकान्यात घेतला, त्यात दीड पान वाढलं. ते भरून काढायला शुभेच्छांच्या जाहिराती आवळाव्या लागल्या आणि खजिनदार माझ्याशी बोलत नाहीत. समितीला नवीन डमी दाखवली, 'एकसारखं दिसत नाही' असं कुणी म्हटलं नाही.

जोडपानाचं मात्र अडकलंय. अध्यक्षांना तिथं स्वतःचा फेट्यातला फोटो पाहिजे. यावर कुणाकडं तोडगा असला तर सांगा, आठ दिवस उरलेत.