मदत हवी आहे: चुलत्यांच्या पेन्युरी ग्रँटबद्दल

नमस्कार मंडळी, आमचे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईनंतर घरच्या अडचणीमुळं मधूनच नोकरी सोडून आले त्यामुळं पेन्शन नाय. आता वय ७६. ध्वजदिन निधीतनं ६५ च्या वरच्या बिनपेन्शनवाल्या माजी सैनिकांना पेन्युरी ग्रँट म्हणजे गरजूंसाठीची मदत मिळते, आधी महिना ४००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८००० केलीय म्हणून अर्ज करायला घेतला. दरवर्षी ७ डिसेंबरला शाळेत तो छोटा झेंडा विकत घ्यायचो, पैसे इकडं येतात हे आत्ता कळलं बघा!

अडचण अशी की डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) रबरबँड लावून कॅरीबॅगेत ठेवलेलं, शाई पसरलीय, त्यात काकूंचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. कुणी म्हणतं अ‍ॅफिडेव्हिट चालतं, कुणी म्हणतं बेळगावच्या त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडनंच दुरुस्ती करून आणा. काका तर म्हणतात राहू दे, भीक नको. त्यांना समजावणं अवघडच, ते मी बघतो.

कुणी हल्ली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं असं नाव दुरुस्त करून घेतलंय का? आधी अर्ज भरावा का आधी नाव?