भाषा गेली की सगळंच गेलं का? (केप ब्रेटनचे स्कॉटिश)

रानजाई

कालच्या धाग्यावर तिरकमठा यांनी लिहिलं, "कॅनडातल्या स्कॉटिशांची गेलिक भाषा मेली तेव्हाच त्यांची परंपरा मेली. उरलं ते पर्यटकांसाठीचं सोंग." तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या पिक्टूला १७७३ मध्ये स्कॉटलंडची माणसं घेऊन 'हेक्टर' जहाज लागलं. पुढे कित्येक दशकं हायलंडमधून (स्कॉटलंडचा डोंगराळ, गेलिक बोलणारा भाग) आणि बेटांवरून माणसं येत राहिली. त्याच प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावर तर गावंच्या गावं त्यांची झाली. सोबत आलं व्हायोलिन आणि त्यावरचा नाच.

आता वाजवणं नीट ऐका. स्ट्रॅथस्पे या नाचाच्या चालीत आखूड सूर आधी आणि लांब सूर मागून येतो, तो झटका गजाने द्यायचा असतो. केप ब्रेटनचा वादक एका गजात चार सूर ओढून घेत नाही, बहुतेक सुरांना वेगळा गज देतो. लांब सुराच्या जागी त्याच सुरावर भराभर छोटे गज मारतो, त्याला 'कट' म्हणतात. हे असं का? कारण समोर कुणीतरी नाचत असतं. स्टेप डान्समध्ये हात सैल, कंबरेच्या वर जवळजवळ हालचाल नाही आणि पाय जमिनीलगत. टाच-चवड्याचा ठेका फळीवर स्पष्ट ऐकू आला पाहिजे. वादकाने गती उतरवली की नाचणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो.

स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथस्पे मैफिलीत आणि शिस्तीच्या समूहनाचात गेली, संथ झाली, आणि हा जमिनीलगतचा नाच जवळजवळ दिसेनासा झाला. १९८०-९०च्या दशकांत तो तिथे पुन्हा शिकवला गेला तो केप ब्रेटनची माणसं बोलावून. जे मूळ गावी उरलं नाही ते या लोकांनी सांभाळलं. त्याला सोंग म्हणता?

तिरकमठा

नाचाचं कबूल. पण तुम्ही सोयीचं तेवढंच उचललंत.

'मिलिंग फ्रॉलिक', म्हणजे गात गात कापड आटवून घट्ट करायचा मेळा, घ्या. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं. ते भिजवायचं (पूर्वी शिळ्या मुतात, त्यातल्या अमोनियाने लोकरीचं तेल सुटतं), टेबलाभोवती बसून आपटायचं आणि आपटता आपटता शेजाऱ्याकडे सरकवायचं, तेही नेहमी सूर्याच्या दिशेने. ठोक्यावर गाणं चालायचं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद. मध्येच मधल्या बोटाने रुंदी मोजायची. कापड पुरेसं आटलं नसेल तर पुढचं गाणं. गाणं किती चालायचं हे कापड ठरवायचं.

आज टेबलावर असतं आधीच घट्ट झालेलं जुनं ब्लँकेट. ते आटत नाही, त्यामुळे मोजायला काही नाही. ध्रुवपद उच्चारावरून पाठ, पण ओळीचा अर्थ विचारला तर गप्प.

आणि सरकारने उचलून काय धरलं? टार्टन (रंगीत चौकड्यांची नक्षी) आणि बॅगपाइपचे बँड. नोव्हा स्कोशियाचा अधिकृत टार्टन म्हणजे १९५३ मध्ये शेतकी प्रदर्शनातल्या एका चित्रफलकावरच्या मेंढपाळाच्या किल्टसाठी (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा) केलेली नक्षी. घरात बोलली जाणारी गेलिक विरत होती तेव्हा हे चाललं होतं. गेलिकसाठी प्रांताचं स्वतंत्र कार्यालय निघायला २००६ उजाडलं. याची मला चीड येते.

कोरांटी

तुम्ही दोघांनीही स्कॉटिश म्हणजे गेलिक असंच धरलंय. न्यूझीलंडचं डनीडिन १८४८ मध्ये फ्री चर्च या स्कॉटिश ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलं. कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतण्या थॉमस बर्न्स त्यांचा धर्मगुरू होता. त्यातले बहुतेक लोलँडचे (स्कॉटलंडचा सखल भाग), म्हणजे गेलिक नव्हे, तर इंग्रजीला जवळची स्कॉट्स बोलणारे. त्यांची बोली गेली, पण डनीडिनच्या दक्षिणेला साउथलंडमध्ये 'नर्स', 'वर्क' यातला 'र' आजही घोळवून म्हणतात. बाकी न्यूझीलंड तो गिळतं. ना त्याचा कुठे उत्सव, ना कुठलं सरकारी खातं, तरी टिकलाय. यावर दोघांचं काय म्हणणं?

घोंगडी

थोडं अवांतर, पण परंपरा मरते ती अशाच जागी, म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या हायलंड गेम्सच्या (स्कॉटिश खेळांचे मेळे) तंबूंत पॉलिव्हिस्कोज या स्वस्त मिश्र कापडाचे चार वारी किल्ट टांगलेले असतात आणि लोक फक्त आडनावाचा टार्टन मागतात. आडनावं आणि टार्टनची ही कोष्टकं बहुतांशी १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्या सुमाराची आणि नंतरची. खरी विद्या चुण्यांत आहे.

हिशेब बघा. नितंबाचं माप ४२ इंच. मागचे निम्मे २१ इंच चुण्यांचे. चुणीची दिसणारी पट्टी पाऊण इंच, म्हणजे २८ चुण्या. नक्षीचा एक पूर्ण फेरा, ज्याला सेट म्हणतात, ८ इंचांचा असेल तर प्रत्येक चुणीत एक अख्खा सेट जातो, म्हणजे २२४ इंच. पुढचे दोन पदर आणि दुमड मिळून साधारण ६०. झाले आठ वार. चार वारांत चुण्यांना उरतात ८४ इंच, म्हणजे दहाच चुण्या, दोन-दोन इंची. चालताना त्या झुलतच नाहीत.

पुढे कंबर ३४ असेल तर तेच २१ इंच वर १७वर आणायचे. चुणीमागे इंचाचा सातवा भाग. प्रत्येक चुणीत इंचाचा सोळावा भाग जरी चुकला तरी शेवटी पावणेदोन इंचांचा घोळ होतो आणि पाठीमागच्या उभ्या रेषा तिरक्या दिसतात. शिवून झाल्यावर आतलं जादा कापड कापतात आणि तिथे कॅनव्हास लावतात. तो टाळला तर सगळा ताण टाक्यांवर येतो आणि मागचा भाग लोंबतो. तंबूतल्या स्वस्त किल्टला हा कॅनव्हास सहसा नसतोच.

बोरकाठी

घोंगडी, मुळात किल्ट शिवतच नव्हते! जुना मोठा किल्ट म्हणजे अरुंद पन्ह्याच्या दोन लांबी जोडलेलं सुटं कापड. खाली पट्टा ठेवायचा, वर कापड पसरायचं, मधल्या भागाच्या चुण्या हाताने घालायच्या, दोन्ही टोकं सपाट सोडायची. मग त्यावर आडवं होऊन टोकं पोटावर घ्यायची आणि पट्टा आवळायचा. शिवलेल्या चुण्यांचा किल्ट आला अठराव्या शतकाच्या अखेरीस. तुमची 'खरी विद्या' ही आपल्या शिवलेल्या नऊवारीसारखी सोय आहे. नेसायच्या नऊवारीत निऱ्या रोज नव्याने घ्याव्या लागतात, ओचा खोचावा लागतो, काष्टा बसवावा लागतो. शिवलेली मिळायला लागल्यापासून हे सगळं येणाऱ्या मुली किती उरल्या?

घोंगडी

शिवलेली नऊवारी आणि हातशिलाईचा आठ वारी किल्ट एका तागडीत? कमाल आहे! कायद्याने १७४६ मध्ये हायलंडचा पोशाख बंद केला, तो १७८२ला सुटला. मधली वर्षं किल्ट राहिला तो ब्रिटिश सैन्याच्या हायलंडी पलटणींत, आणि शिवलेला किल्ट रुळवला तोही पलटणींनी. हत्यार बांधून कवायत करणाऱ्याची ती गरज होती. अभ्यास न करता कुणाच्या कसबाला 'सोय' म्हणू नका.

बोरकाठी

अभ्यासाचं मला सांगू नका. पलटणींचं मान्य. पण मग गरज बदलली की वस्तू बदलते, हेही मान्य करा, आणि चार वारी किल्टवाल्यांवर एवढं तोंडसुख घेऊ नका. आठ वारी हातशिलाईचा किल्ट सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही.

रानजाई

कृपया दोघंही शिंपीकाम बाजूला ठेवा.

कोरांटी, तुमचा 'र' माझ्याच बाजूचा. रोजच्या तोंडात होता म्हणून टिकला, नाच रोजच्या पायात होता म्हणून टिकला.

तिरकमठा, ब्लँकेटबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. व्हायोलिन हाताशी नसलं की नाचासाठी चाल तोंडानेच गायची, त्याला 'पुर्त-अ-बेउल' म्हणतात. गेलिकमध्ये जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि तिथला स्वर आखूड असला की स्ट्रॅथस्पेचा तो झटका शब्दातच सापडतो. ज्याने चाल शब्दांसकट ऐकली त्याच्या गजात तो आपसूक येतो. छापील स्वरलिपीवरून शिकणारा दोन्ही सूर समान करून टाकतो आणि चूक दाखवायला घरात कुणी उरलेलं नसतं. भाषा गेल्याने चालीवरचा एवढा पहारा गेला. सगळं गेलं हे मात्र मी मान्य करणार नाही.

तिरकमठा

'सोंग' हा शब्द नाचापुरता मागे घेतो. ब्लँकेटपुरता नाही. स्कॉटलंडच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे ७० हजार गेलिक बोलणारे निघाले, २०११पेक्षा जास्त. केप ब्रेटनच्या मुलांना शब्दांसकट चाली शिकवा, मग मीही तुमच्या बाजूने लिहीन.

बोरकाठी

घोंगडी, राग बाजूला ठेवून एक विचारते. चार वारांत चुण्या सेटवर (नक्षी अखंड दिसेल अशा) न घालता नक्षीतल्या एकाच पट्टीवर घातल्या तर?

घोंगडी

चालतं, पलटणींत तसंच घालत. पण प्रत्येक चुणीवर तीच पट्टी यायची तर कापड सेटच्याच अंतराने उचलावं लागतं. सेट ८ इंचांचा असेल तर चुण्या पुन्हा दहाच. सेट लहान, ४-५ इंचांचा निवडा, मग १६ ते २१ चुण्या बसतात आणि किल्ट बऱ्यापैकी झुलतो. कॅनव्हास मात्र विसरू नका.