प्रति: वासरू चारा खात नाही तोवर जंत होत नाहीत

वर एकांनी लिहिले आहे की वासरू चारा खाऊ लागेपर्यंत त्याला जंत होत नाहीत, म्हणून जंताचे पहिले औषध तिसऱ्या महिन्यात द्यावे. गवतातून येणाऱ्या जंतांपुरते ते ठीक आहे. म्हशीच्या रेडकाला मात्र हा नियम लावू नये. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम या गोलकृमीच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त राहतात, व्याल्यानंतर चिकातून व दुधातून रेडकाच्या पोटात जातात आणि साधारण तीन आठवड्यांत तेथे अंडी घालणारे पूर्ण वाढलेले जंत तयार होतात. आमच्या गोठ्यातील एक रेडकू अठराव्या दिवशी राखाडी, चिकणमातीसारखे, उग्र वासाचे हगू लागले. पोट फुगलेले, केस राठ, आणि आम्ही मात्र दूध जास्त झाले असे समजून दोन दिवस केवळ दूध कमी करत राहिलो. पशुवैद्यांनी वजन पाहून पायपेराझिन पाजले, तेव्हा दुसऱ्या दिवशी शेणात वीतभर लांबीचे पांढरे जंत पडले.

तेव्हापासून आम्ही दहाव्या ते सोळाव्या दिवसांदरम्यान, म्हणजे जंत अंडी घालण्याआधीच, डॉक्टरांना विचारून पहिली मात्रा देतो. जंताच्या भीतीने चीक तोडणे मात्र सर्वथा चुकीचे आहे, कारण रेडकाला रोगप्रतिकारशक्ती मिळते ती त्यातूनच.