छप्पर उघडणारी गाडी विकली, त्याचे अनुभव इथे लिहा

गेल्या एप्रिलमध्ये माझी मियाटा विकली, माझदाची दोन सीटची, कापडी छपराची गाडी. १९९५ ची, १.८ लिटर इंजिन, हाताने टाकायचे गिअर, दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर काढणारी. अठरा वर्षं सांभाळलेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची तर किंमत कशी धरायची, काय काय सांगायचं, कुणाला द्यायची, सगळेच प्रश्न पडतात. म्हणून हा धागा. सुरुवात मी करतो.

आधी डीलरकडे गेलो. त्याने वर्ष आणि मैल बघून आकडा सांगितला, माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, नवं छप्पर, सगळ्याच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. फार वाईट वाटलं. तेव्हा नोव्हेंबर होता. न्यू जर्सीच्या थंडीत अशी गाडी घ्यायला कोण येणार? वसंतापर्यंत थांबलो.

पेनसिल्व्हेनियाहून एक निवृत्त गृहस्थ आले. इंजिन बघायच्या आधी त्यांनी पेलाभर पाणी मागितलं. या गाडीच्या छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांतून खाली जातं. तिथे पालापाचोळा अडकला की गालिचा भिजतो आणि दाराखालचा पत्रा आतून गंजतो. त्यांनी हळूहळू पाणी ओतलं, मग गुडघ्यावर बसून खाली बघत राहिले. मागच्या चाकाच्या पुढे थेंब पडायला लागले. दरवर्षी पानगळ संपली की गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घालून मी ती छिद्रं मोकळी करायचो. इतकी वर्षं ते कुणी बघितलं नव्हतं. मला भरून आलं.

मग छप्पर खाली दुमडताना मी सांगायच्या आधीच त्यांनी मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन उघडली आणि काच सपाट पसरून ठेवली. तशीच दुमडली तर तिला घडी पडते आणि पुढे तिथेच चिरते. गाडी यांनाच द्यायची हे मी तिथेच ठरवलं. डाव्या दाराखाली एकदा गंज काढून पत्रा जोडलाय, त्याचे फोटो दाखवले आणि ३०० डॉलर आपणहून कमी केले. पैशांसाठी त्यांच्या बँकेत दोघं सोबत गेलो, चेक माझ्यासमोर तयार झाला. अनोळखी माणसाने घरून आणलेला चेक घेऊ नका, कितीही भला वाटला तरी.

स्लाव, इंग्लंडहून:
आमच्या ह्यांची एमएक्स-५ (मियाटाचंच इथलं नाव) होती, ते गेल्यावर मी दोन वर्षांनी विकली. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण इथे नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर दिसतो, दरवेळचे मैलसुद्धा. ह्यांनी एकही तपासणी चुकवली नव्हती, त्यामुळे मला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. एक लक्षात ठेवा, २०१४ पासून रोड टॅक्स गाडीबरोबर जात नाही. घेणाऱ्याने आपला भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. घेणाऱ्या मुलीला मी ते आधीच सांगितलं आणि लॉगबुकातला (इथलं नोंदणीपत्र) नव्या मालकासाठीचा हिरवा भाग फाडून दिला. ह्यांची टोपी मात्र डिकीतून काढून घेतली.

मडगावहून:
माझ्याकडे सॅन स्टॉर्म होती, दोन सीटची छप्पर उघडणारी छोटी भारतीय गाडी. रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, फायबरची बॉडी. बॉडीला गंज नाही, पण समुद्राची हवा खालच्या लोखंडाला सोडत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवूनच दाखवली. कोल्हापूरच्या एका मेकॅनिकने घेतली. वर्षानुवर्षं जमवलेले सुटे भाग चार खोक्यांत भरून त्याला दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. भाग नसतील तर ही गाडी नुसती उभी राहील. राज्य बदलत होतं म्हणून आरटीओची एनओसी मी स्वतः काढून दिली.

पुण्याहून:
मी मर्सिडीजची एसएलके विकली, आणि चूक केली ती तुम्ही करू नका. दलालाने मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, "साहेब, आठवड्यात नावावर करतो" म्हणाला. पाच महिने माझ्या मोबाइलवर चलनं येत होती. गाडी कोण चालवतंय मला माहीत नाही, उद्या अपघात झाला तर पोलीस माझ्या दारात. रात्री झोप लागत नव्हती. ताबा देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून घेणाऱ्याची सही घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा, आणि नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम बाकी ठेवून व्यवहार करू नका, पूर्ण कागद झाल्यावरच किल्ली द्या.

नाशिकहून:
दादा, माझ्या गाडीचं कापडी छप्पर एका कोपऱ्यात विरलंय. विकण्याआधी नवं टाकू का?

न्यू जर्सीहून (धागाकर्ता):
टाकू नका. घाईत स्वस्तातलं बसवलं जातं आणि जाणकाराला ते लगेच कळतं. दोन ठिकाणांहून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, घेणाऱ्यापुढे ठेवा आणि तेवढी किंमत कमी करा. रंग त्याचा तो निवडेल. आणि दाखवायच्या दिवशी छप्पर बंद ठेवा. विरलेला कोपरा त्याला पहिल्यांदा तुम्हीच दाखवा.