फ्लॅग जखमी झाल्यानंतर ड्यूकविरुद्ध पैसे लावणे शहाणपणाचे आहे का?

रॅलेवासी (शुक्रवार, १४ मार्च २०२५, सकाळ)

काल दुपारी शार्लटच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या संघांचा एक गट) बास्केटबॉल स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात जॉर्जिया टेकविरुद्ध खेळताना ड्यूक विद्यापीठाच्या कूपर फ्लॅगचा घोटा मुरगळला, आणि मध्यंतरानंतर तो खेळला नाही. ड्यूकने पिछाडी भरून काढून तो सामना ७८-७० असा जिंकला. तरीही आज संध्याकाळी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात फ्लॅग उतरणार नाही, असे प्रशिक्षक जॉन शायर यांच्या बोलण्यावरून जवळजवळ नक्की दिसते.

माझा विचार असा आहे. या मोसमात ड्यूकने नॉर्थ कॅरोलायनाला दोनदा हरवले, फेब्रुवारीत ८७-७० आणि गेल्याच आठवड्यात ८२-६९. मात्र दोन्ही वेळा फ्लॅग संघात होता, आणि त्याची सरासरी सामन्यामागे एकोणीस गुणांच्या आसपास आहे. तेरा किंवा सतरा गुणांच्या विजयातून एकोणीस गुण वजा केले, तर नॉर्थ कॅरोलायनाचा संघ वरचढ ठरतो. असे असूनही पैजेच्या अ‍ॅपवर भाव ड्यूकच्याच बाजूने आहे. ड्यूक या नावाच्या वलयामुळे हा भाव फुगला आहे, असे समजून नॉर्थ कॅरोलायनावर पैसे लावावेत का?

मी येथे एम.एस. करतो, वय एकवीसच्या पुढे आहे, आणि गेल्या वर्षी ११ मार्चपासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोबाइलवरून पैज लावणे कायदेशीर आहे, त्यामुळे त्या बाजूने अडचण नसावी. आणखी एक शंका आहे. माझ्या एका मित्राने कालच्या सामन्यात फ्लॅग ठरावीक आकड्यापेक्षा जास्त गुण करील, अशी पैज लावली होती. खेळाडू अर्ध्यातून बाहेर गेला, तर ती पैज रद्द होऊन पैसे परत मिळतात का?

आकडेमोड (शुक्रवार, सकाळ)

तुमच्या वजाबाकीत एक मूलभूत चूक आहे. फ्लॅग बाहेर बसला म्हणून ड्यूक चार खेळाडूंनिशी खेळणार नाही. तो जी तीसेक मिनिटे खेळतो ती दुसऱ्या कोणाला तरी मिळतील, आणि तो जे फटके मारतो ते कॉन क्न्यूपेल, टायरीज प्रॉक्टर आणि इतर मारतील. मोजायचा आहे तो फ्लॅग आणि त्याच्या जागी येणारा खेळाडू यांच्यातला फरक, आणि तोही केवळ गुणांपुरता नव्हे, तर बचाव, रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणे) आणि पास या सगळ्यांचा. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बाबतीतही असा फरक भावात काही गुणांपुरताच धरला जातो. तो एकोणीसच्या आसपासही जात नाही.

भाव फुगला आहे, हे तुमचे अनुमानही मला पटत नाही. घटनाक्रम पाहा. फ्लॅग दुपारच्या पहिल्या सामन्यात जखमी झाला, आणि नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला हरवून उपांत्य फेरी गाठली ती त्यानंतर. म्हणजे आजची लढत ठरली तेव्हाच फ्लॅगचा घोटा सुजलेला होता, आणि भाव उघडणाऱ्याला ते ठाऊक होते. जी गोष्ट राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी पाहिली, ती एकट्या तुमच्या हातातला हुकमी पत्ता होऊ शकत नाही. उलट कमी लोकांच्या डोळ्यांत आलेली गोष्ट वेगळी आहे. कालच्याच सामन्यात ड्यूकच्या मलिक ब्राउनचा खांदाही निखळला. तो फारसे गुण करत नाही, पण राखीव फळीतला तो त्यांचा सर्वांत तगडा बचावपटू आहे. दुखापतीवरून काही अंदाज बांधायचाच असेल, तर फ्लॅगच्या आधी ब्राउनच्या गैरहजेरीचा विचार करावा, असे मला वाटते. अर्थात भाव उघडणाऱ्यानेही तो केलाच असेल.

आता बुकीच्या वाट्याबद्दल. गुणांच्या फरकावरच्या, म्हणजे स्प्रेडवरच्या नेहमीच्या पैजेत १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. एकवीस पैजांपैकी अकरा जिंकल्या आणि दहा हरल्या, तर हिशेब नेमका शून्यावर येतो. म्हणजे नुसते बरोबरीत राहायचे झाले, तरी ५२.४ टक्के वेळा बरोबर ठरावे लागते. अशा वेळी सर्वांना ठाऊक असलेल्या बातमीच्या आधारावर पैसे लावणाऱ्याने स्वतःला विचारावे की, भाव ठरवणाऱ्यापेक्षा मला नेमके काय अधिक कळते?

जुना_प्रेक्षक (शुक्रवार, दुपार)

आकडेमोड यांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘भावात सगळे आलेलेच असते’ हा त्यांचा सूर मला जरा जास्तच ठाम वाटतो. मोठा खेळाडू गेल्यावर संघ किती ढासळतो हे आधी कोणालाच नेमके सांगता येत नाही, आणि ते एका सामन्यावरून कळतही नाही.

ड्यूकचेच उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी २०१९ रोजी कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात त्यांचा प्रमुख खेळाडू झायन विल्यमसन याचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. पहिल्या क्रमांकावर असलेला ड्यूकचा संघ घरच्या मैदानावर ८८-७२ असा हरला. त्या रात्री ड्यूकवर पैसे लावणाऱ्यांना काहीच करता आले नाही, कारण त्यांच्या पैजा सामना सुरू होण्याआधीच लागलेल्या होत्या. त्यानंतर झायनविना झालेल्या पाच सामन्यांत सिरॅक्यूज आणि मायामी यांच्यावर ड्यूकने सहज विजय मिळवले, व्हर्जिनिया टेककडून ७७-७२ आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून ७९-७० असे पराभव पत्करले, आणि कमकुवत वेक फॉरेस्टला घरच्या मैदानावर जेमतेम ७१-७० असे हरवले. मायामीवरचा विजय तीस गुणांचा होता आणि पुढचाच विजय एका गुणाचा! संघ तोच, उणीव तीच, आणि अवघ्या काही दिवसांत एवढी तफावत. पुढे झायन कॉन्फरन्स स्पर्धेत परतला, तेव्हा पहिल्याच सामन्यात त्याने तेरापैकी तेरा फटके बास्केटमध्ये टाकले आणि २९ गुण केले, ही गोष्ट वेगळी.

दुसरीकडे, २०१३ साली लुईव्हिलच्या केविन वेअरचा पाय ड्यूकविरुद्धच्या सामन्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडला, खेळाडू मैदानावरच रडू लागले, आणि तोच सामना लुईव्हिलने ८५-६३ असा जिंकला. वेअर राखीव खेळाडू होता हे खरे, पण त्या क्षणी तो संघ कोसळेल, असे वाटणारे कमी नव्हते.

तुमच्या मित्राच्या पैजेचे उत्तर सोपे आणि त्याच्यासाठी वाईट आहे. बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर त्याच्या वैयक्तिक कामगिरीवरची पैज रद्द होते, पण तो एक सेकंद जरी खेळला तरी पैज कायम राहते. फ्लॅग काल सुरुवातीपासून खेळला, तेव्हा ती पैज चालू राहिली. काही कंपन्या अशा वेळी गिऱ्हाईक राखण्यासाठी सवलत म्हणून पैसे परत देतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. विजेत्यावरच्या आणि स्प्रेडवरच्या पैजा तर कोणी जखमी झाले म्हणून कधीच रद्द होत नाहीत.

जाता जाता, अनेक राज्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवर पैजा घेण्यास बंदी घातली आहे, कारण हरलेले लोक या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना शिव्याशाप पाठवतात. ओहायो, मेरीलँड, व्हरमाँट आणि लुइझियाना यांनी गेल्या वर्षी हेच केले. आपल्याकडेही ही बंदी यावी, असे माझे मत आहे.

करवही (शुक्रवार, दुपार)

रॅलेवासी, तुम्ही ‘अडचण नसावी’ असे लिहिले आहे, म्हणून मध्ये बोलतो. वयाची आणि राज्याच्या कायद्याची अडचण नाही, करांची मात्र आहे, आणि ती येथे शिकणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांना ठाऊक नसते.

एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करांच्या दृष्टीने अनिवासी परकीय मानला जातो. अशा व्यक्तीच्या जुगारातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के केंद्रीय कर लागतो. ब्लॅकजॅक, रुलेट यांसारखे काही मोजके खेळ त्यातून वगळलेले आहेत, पण खेळांच्या सामन्यांवरच्या पैजांना ती सूट नाही. मुख्य मेख पुढे आहे. येथील नागरिकांना आणि रहिवाशांना जिंकलेल्या रकमेतून हरलेली रक्कम काही अटींवर वजा करता येते. ती मुभा हौशी अनिवासी माणसाला नाही.

आकडेमोड यांचेच उदाहरण पुढे नेतो. तुम्ही एकवीस पैजा लावल्या, अकरांमध्ये १,१०० डॉलर जिंकलात आणि दहांमध्ये १,१०० डॉलर हरलात. खिशात आले शून्य, पण कर मात्र १,१०० डॉलरच्या कमाईवर, म्हणजे ३३० डॉलर! वर्षाअखेरीस १०४०-एनआर हा अर्ज भरताना ती कमाई दाखवणे तुमच्यावर बंधनकारक आहे, कंपनीने कागद पाठवो अथवा न पाठवो. त्यामुळे ५२.४ टक्क्यांचा उंबरठा तुमच्यासाठी त्याहून बराच वर आहे. तुमची नेमकी स्थिती तुमच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात किंवा कर सल्लागाराकडे तपासून घ्या.

रॅलेवासी (शुक्रवार, दुपार)

सर्वांचे मनापासून आभार. कराची बाजू मला खरोखरच ठाऊक नव्हती. एक शेवटचा प्रश्न विचारतो. सार्वजनिक बातमीचा उपयोग नाही हे मान्य, पण जी बातमी सार्वजनिक झालेली नाही तिचे काय? माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी एका विद्यापीठाच्या क्रीडाविभागात अर्धवेळ काम करतो, आणि कोण सरावाला आला, कोण लंगडत होता, हे त्याला एक दिवस आधी कळते. त्याने ते सहज बोलता बोलता सांगितले, तर त्यात काही गैर आहे का?

आकडेमोड (शुक्रवार, संध्याकाळ)

आहे, आणि तुमच्याहून अधिक त्याच्यासाठी आहे. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडाविभागातले कर्मचारी यांनी पैज लावणे तर वर्ज्य आहेच, पण पैज लावणाऱ्याला माहिती पुरवणेही वर्ज्य आहे. ‘सहज बोलता बोलता’ हा बचाव तेथे चालत नाही.

याचे ताजे उदाहरण बास्केटबॉलमधले नसून बेसबॉलमधले आहे, पण मूळ गोष्ट हीच आहे. एप्रिल २०२३ मध्ये अलाबामा विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) या सामन्याआधी अलाबामाचा ठरलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, खेळणार नव्हता, आणि ती बातमी जाहीर होण्यापूर्वी प्रशिक्षक ब्रॅड बोहॅनन यांनी ती एका पैजबाजाला कळवली. त्या गृहस्थाने सिनसिनाटीच्या बेसबॉल मैदानातल्या पैजेच्या खिडकीवर जाऊन एलएसयूवर एक लाख डॉलर लावण्याचा प्रयत्न केला. महाविद्यालयीन बेसबॉलच्या एका सामन्यावर एवढी रक्कम पाहून खिडकीपलीकडच्या माणसाला संशय आला नसता तरच नवल. काही दिवसांतच बोहॅनन यांची नोकरी गेली. आज प्रत्येक मोठ्या कंपनीत असामान्य पैजांवर नजर ठेवणारी यंत्रणा आहे, आणि लहान रक्कम लावली म्हणून ती आंधळी होत नाही.

अशी कुजबुज विकली जाऊ नये म्हणूनच साउथईस्टर्न कॉन्फरन्सने या मोसमापासून सामन्याआधी कोणता खेळाडू उपलब्ध आहे याची यादी जाहीर करणे संघांना सक्तीचे केले आहे. आपल्या कॉन्फरन्समध्ये ती सक्ती अजून नाही, म्हणून तर तुमच्या ओळखीच्या मुलाकडे असलेल्या माहितीला किंमत आहे. त्याला न विचारणे हेच त्याच्या हिताचे आहे.

जुना_प्रेक्षक (शुक्रवार, रात्री उशिरा)

सामना पाहिलात का? फ्लॅगविना ड्यूकने वीसहून अधिक गुणांची आघाडी घेतली, तेव्हा रॅलेवासी यांची वजाबाकी साफ चुकली असे वाटले. मग ती सगळी आघाडी वितळत गेली, तेव्हा वाटले की ते अगदीच चूक नव्हते. शेवटची चार सेकंद उरली असताना ७२-७१ अशा स्थितीत नॉर्थ कॅरोलायनाच्या व्हेन-अ‍ॅलन लुबिनने फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका) टाकून बरोबरी साधली, पण त्याचाच सहकारी वेळेआधी रेषेच्या आत आल्यामुळे पंचांनी तो गुण रद्द केला. त्यानंतर क्न्यूपेलने दोन फ्री थ्रो टाकले आणि ड्यूक ७४-७१ असा जिंकला.

आता यातला पैजेचा भाग पाहा. ड्यूक जिंकेल असे म्हणणारे बरोबर ठरले, पण ड्यूक चार किंवा त्याहून अधिक गुणांनी जिंकेल असा स्प्रेड ज्यांनी घेतला ते हरले. एका माणसाचे पाऊल काही इंच पुढे पडले नसते, तर सामना जादा वेळेत गेला असता आणि कदाचित सर्वांचेच हिशेब बदलले असते. फ्लॅगच्या घोट्याबद्दल तुमचे विश्लेषण कितीही अचूक असते, तरी या पावलाचा अंदाज त्यात कोठून आला असता?

आकडेमोड (रविवार, १६ मार्च, रात्री)

काल ड्यूकने अंतिम सामन्यात लुईव्हिलला ७३-६२ असे हरवले, तेही फ्लॅगविना, आणि आज निवड समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेच्या पूर्व विभागात पहिले मानांकन दिले. याबाबत जुना_प्रेक्षक यांना सन २००० आठवत असेल. तेव्हा पहिल्या क्रमांकावर असलेल्या सिनसिनाटीच्या केनियन मार्टिनचा पाय कॉन्फरन्स स्पर्धेत मोडला, समितीने संघाला दुसऱ्या मानांकनावर ढकलले, आणि दुसऱ्याच फेरीत टल्साने त्यांना घरी पाठवले. मार्टिन परतणार नव्हता, फ्लॅग परतेल अशी चिन्हे आहेत, आणि समितीने हा फरक उघडपणे मोजला आहे. भाव ठरवणारेही पुढच्या फेऱ्यांसाठी तेच करतील, तेव्हा रॅलेवासी यांनी शुक्रवारी पुन्हा वजाबाकी करायला बसू नये.

रॅलेवासी (रविवार, रात्री)

बसणार नाही. शुक्रवारी मी काहीच लावले नाही, आणि शेवटची पाच मिनिटे निवांतपणे पाहता आली. ड्यूकचा पहिल्या फेरीचा सामना येत्या शुक्रवारी येथेच, रॅलेच्या लेनोव्हो सेंटरमध्ये आहे. कोणाकडे जादा तिकीट असेल तर कृपया कळवावे.