मुलांच्या खाऊत मखाणे : तुमच्या घरचा अनुभव लिहा

मखाणे आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळायला लागलेत. पूर्वी ते सुक्यामेव्याच्या दुकानात जाऊन आणावे लागायचे, तेही उपासाला नाहीतर डिंकाच्या लाडवांत घालायला. आता लहान मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी ते सर्रास घेतले जातात आणि पाकिटावर 'प्रोटीन' मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसतं. म्हणून हा धागा. मुलाचं वय काय, मखाणे कसे करून देता, मूल आवडीनं खातं का, पोटाला मानवतात का, महिन्याच्या खर्चात बसतात का, सगळं लिहा. नुसती पाककृती दिलीत तरी चालेल, पण मुलानं ती खाल्ली की नाही हे मात्र लिहाच.

सुरुवात मी करते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला मखाणे मनापासून आवडतात. शाळेतून आल्यावर पूर्वी वेफर्सचं पाकीट फुटायचं, त्याची जागा मखाण्यांनी घेतली याचा मला आनंद आहे. पण प्रथिनांचा हिशोब आधीच मांडून ठेवते. 100 ग्रॅम मखाण्यांत साधारण साडेनऊ ते दहा ग्रॅम प्रथिनं असतात, कॅलरी 350च्या आसपास आणि स्निग्धांश जवळपास नाहीच. ऐकायला छान वाटतं, पण मखाणे वजनाला अगदी हलके असतात. मोठी वाटी भरून घेतले तरी वीसेक ग्रॅमच भरतात. म्हणजे प्रथिनं दोन ग्रॅम. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 16 ग्रॅम लागतात असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2020ची शिफारस सांगते. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत पाच ग्रॅम मिळतात. म्हणून मी मखाणे देते ते तळणीच्या ऐवजी, आणि प्रथिनांसाठी सोबत पेलाभर दूध किंवा मूठभर शेंगदाणे असतातच. आता तुम्ही लिहा.

नाशिक, दीड वर्षाच्या मुलाची आई

आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खा मखाणा द्यायचा नाही, लाह्या-पॉपकॉर्न देत नाही तसाच. बाहेरून मऊ वाटतो, पण तोंडात चिकट होतो आणि घशात अडकू शकतो. म्हणून मी पूड करते. चमचाभर तुपावर मंद आचेवर भाजायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, मगच मिक्सरमधून काढायचे. गरम असताना फिरवले तर भांड्याला चिकटून बसतात. ही पूड घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहते.

कपभर दुधात दोन चमचे पूड घालून उकळली की पाच मिनिटांत खीर आळते, तांदूळ की शेवया काही लागत नाही. गोडीला खारकेची पूड आणि वरून वेलची. बाळ चाटूनपुसून खातं. आजारपणातून उठल्यावर त्याला दुसरं काही जात नव्हतं, तेव्हा या खिरीनं मोठा आधार दिला. पौष्टिकपणा बराचसा दुधाचाच आहे हे खरं, पण नुसतं दूध तो पीत नाही आणि खीर मागून घेतो.

दरभंग्यात राहून आलेली, सध्या पुणे

यजमानांची बँकेतली बदली दरभंग्याला झाली, तेव्हा मखाणे खरे कुठे आणि कसे होतात ते डोळ्यांनी बघायला मिळालं. तिथे असताना मुलं पहिली-दुसरीत होती. देशातले बहुतेक मखाणे बिहारमधून येतात, दरभंगा, मधुबनी, सहरसा, पूर्णिया, कटिहार या पट्ट्यातून. आपल्याकडे बरेच जण त्याला कमळाचं बी समजतात, पण हे झाड वेगळं. पाण्यावर पसरलेली परातीपेक्षा मोठी गोल पानं, आणि पानांना, देठांना, फळांना सगळीकडे काटे. फळ फुटलं की बिया एक-दोन दिवस पाण्यावर तरंगतात आणि मग तळाशी जातात. मल्लाह, म्हणजे नावाडी-मच्छीमार समाजाची माणसं पाण्यात उतरून, बुड्या मारून, तळच्या चिखलातून त्या गोळा करतात. पावसाळ्यात चेहऱ्यापर्यंत पाण्यात असलेली माणसं मी पाहिली आहेत. हात काट्यांनी ओरबाडलेले असतात.

पुढचं काम तर बघत राहावं असं. बिया धुऊन उन्हात वाळवतात, चाळण्यांनी लहानमोठ्या निवडतात, मग लोखंडी कढईत भाजतात. भाजून झाल्यावर लगेच फोडत नाहीत, दोन-तीन दिवस मुरू देतात. मग दुसऱ्यांदा कडक भाजतात आणि कढईतून चटका देणाऱ्या पाच-सात बिया उचलून पाटावर टाकून वरून लाकडी थापी मारतात. टक्क आवाज होतो, काळं कवच फुटतं आणि आतून पांढरा मखाणा फुलून बाहेर येतो. हे सेकंदाच्या आत व्हावं लागतं, बी गार झाली की फुलत नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत एक कुटुंब हे काम करायचं, भट्टीसमोर बसून, ऐन उकाड्यात. शिवाय अडीच-तीन किलो बियांतून जेमतेम किलोभर मखाणे निघतात. भाव ऐकून आपण नाक मुरडतो तेव्हा मला ते कुटुंब आठवतं.

मखाण्यासाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था दरभंग्यात 2002 पासून आहे. 'मिथिला मखाना' या नावानं 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2025च्या अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाणा मंडळ जाहीर झालं. या सगळ्यातलं किती त्या थापी मारणाऱ्या हातांपर्यंत पोचतं, ते बघायला हवं.

मुलांच्या खाण्याचं सांगायचं तर तिथे मखाण्याला कुणी औषध समजत नाही. तुपात परतून मीठ-मिरपूड लावलेले मखाणे हा रोजचा खाऊ आणि सणाला खीर. आपल्या कोजागरीच्या रात्री मिथिलेत, म्हणजे दरभंगा-मधुबनीच्या भागात, कोजागरा असतो. त्या वर्षी लग्न झालेल्या मुलाच्या घरी सुनेच्या माहेरून मखाणे, विडे, बत्तासे, मिठाईच्या टोपल्या येतात आणि गल्लीतल्या सगळ्यांना ओंजळभर मखाणे वाटले जातात. आमच्या घरमालकीण काकींनी माझ्या मुलांच्या फ्रॉक-शर्टच्या ओच्यात ते भरले होते. तेव्हापासून आमच्या कोजागरीच्या मसाला दुधात भाजलेल्या मखाण्यांची भरड असतेच. दूध दाट होतं, आणि एरवी दुधाला नाही म्हणणारा माझा धाकटा दुसरा पेला मागतो.

सोलापूर जिल्हा, प्राथमिक शिक्षक

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या शाळेत येणारी मुलं शेतमजुरांची, यंत्रमाग कामगारांची आहेत. मोबाइलवर व्हिडिओ बघून दोन-तीन आयांनी मला विचारलं, "गुरुजी, पोराला मखाणे द्यायला पाहिजेत का? नाही दिले तर कमी पडेल का?" त्या प्रश्नानं मला फार वाईट वाटलं. किलोला हजाराच्या वर भाव असलेली वस्तू दिली नाही म्हणून कुठल्या आईला अपराधी वाटता कामा नये.

मी त्यांना सांगितलं की फुटाणे द्या, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, फुटाण्यांत वीसच्या आसपास. मखाण्यांच्या दुप्पट-अडीचपट, आणि पैसे कितीतरी कमी. मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं, हे सगळं आपल्या हाताशी आहे. मखाणा चांगला पदार्थ आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ज्याच्या घरी प्रथिनं खरोखर कमी पडतात, त्याला मखाण्याचा सल्ला देणं मला पटत नाही.

धागाकर्ती

गुरुजी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कुणाचं मत याच्या उलट असेल तर तेही येऊ द्या.

ठाणे, चार वर्षांच्या जुळ्यांची आई

छोटासाच अनुभव. रोज वाटीभर द्यायला लागले तेव्हा एकाला पोट साफ होण्याचा त्रास सुरू झाला, दुसऱ्याला काहीच नाही. मखाणे कोरडे असतात आणि मुलं सोबत पाणी पीत नाहीत. आता एकाआड एक दिवस देते, सोबत ताक किंवा पपई-पेरूची फोड. त्रास थांबला.

कोल्हापूर, तीन नातवंडांची आजी

मुलांना कुरकुरीत लागतं, बाकी सगळं नंतर. मखाणा कुरकुरीत झाला नसेल तर मुलं एक खातात आणि ताट सरकवतात, म्हणून भाजण्याकडे लक्ष द्या. जाड बुडाची कढई घ्यावी, आच अगदी मंद ठेवावी आणि तूप न घालता कोरडेच भाजायला घ्यावेत. आठ-दहा मिनिटं हलवत राहायचं. एक दाणा उचलून बोटांत दाबायचा. चुरा झाला तर झाले. नुसता चेपला तर अजून थांबा. घाईनं आच वाढवली की वरून डाग पडतात आणि आत तसाच चिवट राहतो.

भाजायच्या आधी थोडे फोडून बघायचे, जुन्या मालात आत कीड असते. मोठे मखाणे तर कात्रीनं दोन तुकडे करूनच घ्यावेत, म्हणजे शंकाच नको.

माझा चिवडा असा. भाजलेले मखाणे बाजूला काढायचे. त्याच कढईत दोन चमचे तेल, जिरं, भरपूर कढीपत्ता, मग शेंगदाणे, डाळवं, खोबऱ्याचे काप, हे सगळं खमंग झालं की हळद, मीठ, चवीपुरती पिठीसाखर. गॅस बंद करून मगच मखाणे घालायचे आणि वरखाली करायचं. माझ्या चिवड्यात शेंगदाणे आणि डाळवं मिळून मखाण्याच्या वजनाइतकी असतात. थोरल्या नातीला तिखट लागतं, तिच्या वाटणीत कांदा-लसूण मसाला चिमूटभर. डबा लगेच बंद करायचा. पावसाळ्यात तासाभरात सादळतात, पण पुन्हा पाच मिनिटं कढईत फिरवले की पहिल्यासारखे होतात. टाकून द्यायचे नाहीत.

न्यू जर्सी, आठ वर्षांच्या मुलाचे बाबा

गुरुजींचं म्हणणं पूर्ण पटतं, पण आमची अडचण वेगळी आहे. मुलाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी आहे. दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीरसुद्धा आमच्या घरात नाही. काजू-बदामही शाळेच्या डब्यात चालत नाहीत. मराठी घरातला मधल्या वेळचा जवळजवळ प्रत्येक कोरडा खाऊ बाद झाला होता. चिवडा, चिक्की, लाडू, सगळंच. मखाणा ही पाणवनस्पतीची बी आहे, तिचा शेंगदाण्याशी संबंध नाही. आमच्या अॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारून, आधी त्यांच्या देखरेखीखाली थोडासा देऊन बघितला आणि मगच सुरू केला. अशी अॅलर्जी असलेल्या घरांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये.

अजून एक काळजी घ्या. मसाला लावलेलं तयार पाकीट आम्ही घेत नाही, कारण त्याच कारखान्यात शेंगदाणे-काजू हाताळले जात असल्याची सूचना बऱ्याच पाकिटांच्या मागे बारीक अक्षरांत असते. साध्या मखाण्यांच्या पाकिटावरही ती असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी वाचूनच घेतो. बायको घरी भाजते. हिंग, हळद, आमचूर. मुलगा वर्गात मित्रांबरोबर डबा खातो आणि त्याला वेगळं बसावं लागत नाही. आम्हाला मखाण्यानं दिलेली सर्वात मोठी गोष्ट ही, प्रथिनं नंतर. ती तो डाळ, दही आणि अंड्यांतून घेतो.

छत्रपती संभाजीनगर, पोहणाऱ्या मुलीची आई

तयार पाकिटांबद्दल मलाही लिहायचं होतं. मुलगी तेरा वर्षांची, रोज सकाळी सराव. चीज, पेरीपेरी असे स्वाद तिला आवडतात. पाकीट उलटून वाचलं तर मखाण्यानंतर लगेच पामतेल, मग साखर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड). काही कंपन्यांचे खरोखर साधे असतात, म्हणून सरसकट सगळ्यांना एका मापात तोलत नाही, पण घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. सरावानंतर तिला नुसते मखाणे पुरत नाहीत, तासाभरात पुन्हा भूक लागते. दह्यात भाजलेले मखाणे, डाळिंबाचे दाणे, जिरेपूड घालून देते, सोबत दोन उकडलेली अंडी. मग जेवणापर्यंत तग धरते.

धागाकर्ती

भाजीत कुणी घालतं का? मुलं खातात का? माझ्याकडे मुलगी बाजूला काढून ठेवते.

इंदूर, मराठी घर, दहा आणि सात वर्षांची मुलं

आमच्याकडे मटर-मखाण्याची भाजी नेहमी होते आणि मुलं पोळीबरोबर दोनदा घेतात. कांदा, टोमॅटो, आलं आणि थोडे काजू यांचं वाटण तुपावर परतायचं, धणे-जिरेपूड, हळद, लाल तिखट अगदी बेतानं, मग मटार आणि पनीरचे तुकडे. मटार-पनीरमुळे भाजी पोटाला धरून राहते. मखाणे आधी तुपावर कुरकुरीत भाजून वेगळे ठेवा आणि पानं घेतल्यावरच रश्श्यात सोडा. आधी घातले तर सगळा रस्सा शोषून गिळगिळीत होतात आणि मुलं बाजूला काढतात ती त्याचमुळे. पुढच्या वेळी असं करून बघा, ताई, आणि मुलीनं खाल्ली का ते इथेच लिहा.