परदेशात गटाने सायकल चालवताना रस्त्यावर कसं वागलो, कसं वागवलं गेलं? अनुभव सांगा

पांझराकाठ
आज सकाळी धुळ्याजवळ लळिंगच्या उतारावर परदेशी सायकलवाले दिसले. मागच्या चाकाला दोन्हीकडे पिशव्या, सगळे एकामागे एक. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली सोडून बोट दाखवायचा, मग दुसरा, तिसरा, असं शेवटच्यापर्यंत. मी मोटरसायकल बाजूला घेऊन बघत राहिलो आणि आमची डॅन्यूबची सहल आठवली.

गट धुळे-जळगावचा, बरेचसे निवृत्त. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियात व्हिएन्नापर्यंत नदीकाठाने, तीनशेहून जास्त किलोमीटर, पण जवळजवळ सगळं सपाट. पहिल्या सकाळी गाईडने मोजकंच सांगितलं. उजवीकडून चाला, दोन सायकलींचं अंतर ठेवा, थांबायचं असेल तर आधी सायकल गवतात घ्या आणि मग थांबा. सगळ्यांनी माना हलवल्या. श्लोगेनला नदी उलटी फिरते, फार सुंदर जागा. तिथे आमची मंडळी वाटेच्या मधोमध. सायकली आडव्या, कोणी पाणी पितंय, कोणी घरी व्हिडिओ कॉल लावलाय. मागून सत्तरीच्या एक बाई आल्या. एकदाच टिंग केलं आणि उतरून उभ्या राहिल्या. आमच्यातल्या कोणालाही ती घंटी आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही. इथे दिवसभर हॉर्न ऐकून कान मेलेले. बाई थांबल्या, त्यांच्यामागे दोन पोरं थांबली, मग एक कुटुंब. कोणी ओरडलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

पुढे मेल्क ते क्रेम्स या पट्ट्यात द्राक्षं आणि जर्दाळूच्या बागा. रस्त्याकडेला ताजे जर्दाळू विकायला ठेवलेले. आमच्या एका काकांनी मंगळवार बाजारात वांगी दाबून बघावीत तसे एकेक दाबून बघितले. विकणाऱ्या बाईने हसत हसत टोपली मागे घेतली.

तुमचं काय काय घडलं ते लिहा. उपदेश नको, घडलेलं हवं.

केळीची_बाग
पहिला! लळिंगला किती वाजता दिसले भो? माझा भाचा म्हणतो अजिंठ्याच्या रस्त्यालाही काल असेच होते.

सावद्याची_सून
मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतो. तिथे सायकलचा रस्ता बऱ्याच ठिकाणी लालसर डांबराचा, चालायचा वेगळा. सासूबाईंना लाल रस्ता गुळगुळीत म्हणून आवडला, रोज संध्याकाळी त्याच्यावरूनच फेरी. मागून टिंग टिंग आली की म्हणायच्या, "किती मायाळू लोक, येताजाता नमस्कार करतात." आम्ही महिनाभर खरं सांगितलं नाही.

मग दीर, जाऊबाई, त्यांचे शेजारी असे सगळे आले आणि भाड्याच्या सायकली घेऊन निघालो. तिकडच्या साध्या सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला पेडल मागे फिरवत रमतगमत जायची सवय. भाऊजी सगळ्यात पुढे, पवनचक्की दिसली म्हणून आरामात पाय मागे फिरवला आणि जागीच उभे! मागची ओळ एकावर एक. कोणाला लागलं नाही, पण जाऊबाई अजून त्यांच्या मागे सायकल लावत नाहीत.

तिथे दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे, तिघांनी नाही. आपले नेहमी तीन, कारण तिसऱ्याला गप्पा ऐकू येत नाहीत. आणि सायकलवर फोन हातात धरला तर दंड, 2019 च्या जुलैपासून. भाऊजींना ते पटलंच नाही. "दुसऱ्या हातात हँडल आहे ना," म्हणे.

पांझराकाठ
सासूबाईंना माझा नमस्कार कळवा ताई. लाल रस्त्यावरून नव्हे 😀

भुसावळ_यार्ड
कोपनहेगनचं सांगतो. तिथे थांबण्याआधी हात वर करतात, कोपरात वाकवून, पंजा डोक्याच्या उंचीला. मागच्याला कळतं की हा आता वेग कमी करणार. शाळेतली पोरंसुद्धा सवयीने करतात.

डावीकडे वळायची पद्धत अजून वेगळी. तिथे वाहतूक उजवीकडून, म्हणजे डावीकडे वळायचं तर सगळी वाहतूक ओलांडायची. सायकलवाल्याने चौकाच्या मधे जायचंच नाही. सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, थांबायचं, मग त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघायचं. दोन टप्प्यांत वळण. आमच्या गटातला पुढचा हुशार सवयीने मधोमध गेला, बाकीचे त्याच्या मागे. एक बसवाला थांबून शांतपणे आमच्याकडे बघत होता. हॉर्न वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

काही रस्त्यांवर सिग्नल ताशी वीस किलोमीटरच्या चालीला जुळवलेत. त्या वेगाने चालत राहिलात तर एकामागे एक हिरवे मिळत जातात. आम्हाला मिळाले नाहीत. आम्ही बारा आणि अठ्ठावीसच्या मधे काहीतरी करत होतो.

भो_शेवभाजी
आठे जळगावले हात वर करा ते मांगलाले काही समजत नही, पन रिक्षा थांबी जास 😂

केळीची_बाग
हासी हासी पोट दुखी गयं भो

भुसावळ_यार्ड
आणि रिक्षावाला वर विचारणार, सायकल टपावर टाकू का?

चाळीसगाव_घाटवाली
मला वेगळंच लिहायचंय. सिग्नल, हात वगैरे शिकता येतं. गटातल्या गटात कसं वागतात ते कोणी लिहिलं नाही अजून.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी गेलो होतो, राजवाड्यांचा रस्ता. चार जोडपी. पुरुष मंडळी सकाळी जी सुटायची ती पुढच्या गावच्या चर्चजवळ सावलीत बसायची. आम्ही दोघी-तिघी मागून यायचो. आम्ही पोचलो की ते उठायचे, "चला, आली मंडळी, निघू या!" म्हणजे जोरात चालवणाऱ्यांना दर तासाला विश्रांती आणि जी सगळ्यात दमलेली तिला एकदाही नाही. दुसऱ्या दुपारी माझी मैत्रीण सायकल आडवी टाकून गवतात बसली, "मी उठेन तेव्हा निघायचं." तेव्हापासून नियम झाला. शेवटचा पोचतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो, आणि "चला" तोच म्हणतो. बाकीच्यांनी म्हणायचं नाही.

आमच्याबरोबर काही अंतर एक वयस्क फ्रेंच जोडपं होतं. गाडी मागून आली की दोघांपैकी मागचा एक शब्द ओरडायचा आणि दोघं एका ओळीत यायचे. तिथे शेजारी शेजारी चालवता येतं, पण मागचं वाहन पुढे जाऊ बघत असेल तर एका ओळीत यावंच लागतं, रात्री तर आधीपासूनच. पण मला लक्षात राहिलं ते हे, की काकू सावकाश चालवायच्या आणि काका कायम त्यांच्या मागे. एकदाही पुढे गेले नाहीत.

अमळनेर_प्रताप
घाटवाली ताई, हे आमच्या "ह्यांना" वाचायला दिलंय. चहा ठेवायला उठलेत, त्यामुळे लागलेलं दिसतंय.

नंदुरबारचा_डॉक्टर
जर्मनीतला एक नियम मजेदार आहे. पंधराहून जास्त सायकलस्वार एकत्र असले तर त्यांना एक संपूर्ण ताफा मानतात. दोन-दोनच्या रांगेत चालता येतं, आणि पुढचा हिरव्या सिग्नलला चौकात शिरला तर मागचे सिग्नल बदलला तरी त्याच्या मागोमाग जाऊ शकतात. जणू एकच लांबलचक वाहन. अट एवढीच की ताफा तुटला नाही पाहिजे, बघणाऱ्याला तो एकच आहे हे दिसलं पाहिजे.

आम्ही चौदा होतो. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, गाईड आणि त्याचा मदतनीस धरून सोळा होतात. एका सिग्नलला त्याचा वाद गाईडशी इतका लांबला की दोन हिरवे निघून गेले.

गाड्या मात्र खरंच लांबून जातात. तिथे सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. जागा नसेल तर मागे येत राहतात. पहिल्यांदा मला वाटलं मागच्या गाडीचं काहीतरी बिघडलंय.

भो_शेवभाजी
डॉक्टर, सोळा जण घेऊन आकाशवाणी चौकात हा नियम एकदा करून बघा. ॲम्ब्युलन्स तुमचीच.

मुक्ताईनगर
ताफा तुटू न देणं आपल्याला येत नाही असं नाही. कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला पायी जाते, पार विदर्भाच्या कडेने, मराठवाड्यातून. पताका पुढे, मग टाळकरी, विणेकऱ्याची जागा ठरलेली. कोणी कोणाला ओलांडत नाही, दमलेल्याला मधे घेतात. माझे वडील जायचे. तीच माणसं सायकलवर बसली की प्रत्येकाला पुढे का जायचं असतं, हे मला सुटलेलं नाही.

केळीची_बाग
विण्याला गियर नसतात म्हणून.

रावेर_स्टेशन
सालीवरून भांडण झालेलं सांगतो. सायकलवर केळ्यासारखं खाणं नाही, त्यात आम्ही रावेरचे. तिकडची केळी बेचव, तरी खाल्ली. आमचे मोठे बंधू साल झुडपात फेकून मोकळे. म्हणे, खत होतं. मागून येणारा एक तरुण थांबला, उतरला, झुडपात शिरून साल घेतली, स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि "गुड डे" म्हणून निघून गेला. दादा दिवसभर धुमसत होते. "आयुष्यभर केळी लावली, आता हा मला साल शिकवणार?"

सावद्याची_सून
दादांचं बरोबरच आहे की. साल कुजतेच.

नंदुरबारचा_डॉक्टर
आपल्या उन्हात लवकर कुजते. तिकडच्या थंडीत फार काळ तशीच पडून राहते. आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली आली तर?

रावेर_स्टेशन
हेच मी म्हटलं होतं. दादा म्हणाले, तू कोणाचा भाऊ आहेस?

चोपडा_एसटी
रस्त्यावर खड्डा दाखवायला एक हात काढायचा म्हणे. आमच्या चोपडा रस्त्याला खड्डे दाखवायला लागलो तर दोन्ही हात आणि पाय पण लागतील. इथे रस्ता आला की रस्ता दाखवावा.

पांझराकाठ
😂😂 तरी ते लळिंगवाले दाखवत होते बरं का.

पारोळा_ते_ओनोमिची
ऑफिसातून लिहितोय, तुटक आहे. जपानमध्ये शिमानामी काइदो केला, ओनोमिची ते इमाबारी, साधारण सत्तर किमी, बेटांवरून आणि पुलांवरून. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलीय, ती धरून चालत राहायचं, वाट विचारावी लागत नाही. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, म्हणून सोपं वाटलं. इनोशिमाच्या पुलावर तर सायकलची वाट गाड्यांच्या खालच्या मजल्यावर.

पण तिथे पायी माणसाला बाजूला करायला घंटी वाजवत नाहीत. आमच्या म्होरक्याची घंटी थांबेना, पाच पावलांवर माणूस दिसला की ट्रिंग. ते लोक बाजूला होऊन, मान झुकवून, वर माफी मागायचे! दोन आजी तर कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या. शेवटी गटातल्या एका पोरीने दुपारच्या जेवणाला त्याच्या घंटीत टिश्यू कोंबला. तो संध्याकाळपर्यंत घंटी खराब झाली म्हणत होता.

अमळनेर_प्रताप
पोरीला माझ्याकडून शेवभाजी.

आपल्याकडे उलट आहे पण. मेहरूण तलावाला सकाळी घंटी न वाजवता आजोबांच्या शेजारून गेलं तर "घंटी नही का रे तुले?" आणि वाजवली तर "रस्ता काय तुन्हा बापना शे?"

धुळ्याचा_जावई
व्हिएतनामला आम्हाला काहीच शिकवावं लागलं नाही. हनोईत पोचलो आणि सासरी आल्यासारखं वाटलं.

सावद्याची_सून
विषय सोडून विचारते, पण खायला काय नेलं होतं कोणी? मी कळण्याचं पीठ नेलं होतं, दिराने बिबडे. ठेच्याची बाटली विमानातच फुटली आणि सगळ्यांच्या सायकलच्या कपड्यांना लसणाचा वास. गटाने चालवताना आमच्या मागे कोणी दोन सायकलींचं अंतर ठेवत होतं ते शिस्तीमुळे नव्हे.

चाळीसगाव_घाटवाली
😀 ठेचा कोरडा न्यायचा ताई. दाण्याचा कूट जास्त, तेल नाही.

भुसावळ_यार्ड
आमच्याबरोबर एकाने इलेक्ट्रिक कुकर नेला होता. हॉटेलात खिचडी शिजवली आणि धुराचा अलार्म वाजला. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

नंदुरबारचा_डॉक्टर
एक राहिलं. अनोळखी सायकलस्वाराच्या चाकाला चाक लावून वारा चुकवत जायचं नाही. आधी विचारायचं. ऑस्ट्रियात आमच्यातला एक बराच वेळ एका बाईंच्या मागे असा चिकटला. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता थोडा वेळ तुम्ही पुढे व्हा, मी मागे येते." वारा समोरून होता. पठ्ठ्या पाच मिनिटांत चहाला थांबला.

मुक्ताईनगर
बाई भारी.

पांझराकाठ
मजा आली वाचून. पावसाळा संपला की शहाद्याहून तोरणमाळ करायचं चाललंय. घाटवाली ताईंचा नियम लागू, "चला" शेवटचा म्हणेल. सालींची पिशवी रावेरकरांच्या दादांकडे.

रावेर_स्टेशन
दादा म्हणतात येतो, पण केळी माझ्या शेतातली.

शहादा_फाटा
उशिरा वाचलं. घाट चढून झाल्यावर परत येताना सायकल एसटीत घेतात का हो? गुडघा दुखतोय.

चोपडा_एसटी
कंडक्टरवर आहे. आधी चहा पाजा, मग विचारा.